वरच्या मानेच्या सांध्यांना मार लागल्यावर: शस्त्रक्रियेविना उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"ऑपरेशनची गरज नाही, कॉलर घाला" असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात दोन तट पडतात. एका तटाला वाटतं, सुटलो बुवा. आणि चौथ्या दिवशी कॉलर खुंटीवर लटकते. दुसऱ्या तटाला वाटतं, मान मोडलीय आणि नुसता पट्टा? नक्की काहीतरी लपवताहेत. मणक्यांच्या रुग्णांबरोबर बरीच वर्षं काम करताना मला दोन्ही तट रोज भेटतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. उत्तरं प्रौढांपुरती आहेत. मुलांच्या मानेचा हिशेब वेगळा असतो.

वरच्या मानेचे सांधे म्हणजे नेमके कुठले?

मानेत सात मणके असतात. त्यातले वरचे दोन बाकीच्या पाचांसारखे अजिबात दिसत नाहीत. पहिला, सी-१, म्हणजे नुसतं हाडाचं कडं. इतर मणक्यांना असतो तसा मधला ठोकळा त्याला नाहीच. त्याच्या दोन बाजूंच्या उथळ वाट्यांमध्ये कवटी बसते. ग्रीक पुराणात आकाश खांद्यावर तोलणारा ॲटलास आहे, त्याचं नाव या मणक्याला मिळालं. बारसं आपल्याकडे झालं असतं तर त्याला शेष म्हटलं असतं. दुसऱ्या मणक्यातून, म्हणजे सी-२ मधून, हाडाचा एक सुळका वर येतो आणि पहिल्या कड्याच्या आत, पुढच्या बाजूला उभा राहतो. डॉक्टर त्याला डेन्स किंवा ओडोंटॉइड म्हणतात. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते, तसं हे कडं सुळक्याभोवती फिरतं.

कवटी आणि पहिला मणका यांच्यातला सांधा आपण मान डोलावून "हो" म्हणतो तेव्हा चालतो. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यातला सांधा "नाही" म्हणताना चालतो. मान डावी-उजवीकडे जेवढी वळते त्यातला जवळजवळ अर्धा वाटा या एकाच पातळीचा आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे या दोन्ही ठिकाणी मणक्यांमध्ये असते ती गादी नाही. सगळा डोलारा अस्थिबंधांवर उभा आहे. दवाखान्यात त्यांना सगळे लिगामेंटच म्हणतात. सुळक्याच्या मागून आडवा जाऊन त्याला कड्याला बांधून ठेवणारा आडवा अस्थिबंध हा त्यातला मुख्य. पुढे त्याचं नाव पुन्हा पुन्हा येईल.

इथे मार बसतो तरी कसा?

तरुणांमध्ये वाहनांचे अपघात, उंचावरून पडणं, उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणं. सरळ डोक्यावर भार आला की पहिलं कडं बाहेरच्या दिशेने फुटतं. मान जोरात मागे फेकली गेली की दुसऱ्या मणक्याच्या मागच्या कमानीचे दोन्ही खांब मोडू शकतात. वयस्कांमध्ये मात्र एवढं काही लागत नाही. रात्री उठताना पाय अडकला, कपाळ पलंगाच्या कडेवर आपटलं, एवढ्यावर सुळका मोडतो. सत्तरीच्या पुढे मानेतलं सर्वात जास्त दिसणारं फ्रॅक्चर हेच. "साधं तर पडले होते" हे वाक्य त्यामुळे मला धीर देत नाही.

हातपाय व्यवस्थित चालतात. मग एवढं घाबरायचं कशाला?

हातपाय चालतात म्हणून मान शाबूत आहे असा निष्कर्ष निघत नाही. पहिल्या मणक्याच्या पातळीवर आतल्या पोकळीचे ढोबळ तीन भाग असतात: एक सुळक्याचा, एक मज्जारज्जूचा आणि एक चक्क रिकामा. त्यातून कड्याचं फ्रॅक्चर बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणजे जागा उलट वाढते. म्हणून वरच्या मानेची मोठमोठी फ्रॅक्चर झालेली माणसंही स्वतःच्या पायांनी चालत, एका हाताने हनुवटी धरून तपासायला येतात. हनुवटी किंवा डोकं हाताने तोलून धरलेला माणूस दिसला की आम्ही आधी त्याला आडवं करतो आणि मग नाव विचारतो.

तो रिकामा तिसरा भाग हीच तुमची शिल्लक. उपचाराचं काम ती शिल्लक खर्ची पडू न देणं. श्वास चालवणाऱ्या नसांचा मार्ग इथूनच खाली जातो, त्यामुळे या पातळीवर मज्जारज्जू चेपला गेला तर प्रश्न फक्त हातापायांचा उरत नाही.

पडल्यावर कधी तपासून घ्यायलाच हवं?

कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ साली यासाठी एक नियम मांडला, तो जगभर वापरला जातो. शुद्धीत असलेल्या माणसाचं वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, मार धोकादायक प्रकारचा असेल (साधारण तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, डोक्यावर सरळ आदळणं, वेगातला वाहन अपघात), किंवा हातापायांत मुंग्या येत असतील, तर फोटो काढायचाच. यातलं काहीच नसेल तरच डॉक्टर मान दोन्हीकडे ४५ अंश वळते का ते पाहतात. ही शेवटची चाचणी घरी करू नका. "वळवून बघ बरं" हा शेजाऱ्यांचा सल्ला वाईट.

डोक्याच्या मागच्या भागात, कवटीच्या बुडाशी दुखणं, मान एका बाजूला अडकणं, गिळताना त्रास होणं, जीभ बाहेर काढली की एका बाजूला वळणं, या तक्रारी आवर्जून सांगा. जिभेची गोष्ट विचित्र वाटेल, पण कवटीच्या तळाचा उंचवटा मोडला तर त्याला लागून जाणारी जिभेची नस दुखावू शकते.

एक्स-रे नॉर्मल आला. एवढ्यावर थांबायचं का?

संशय दाट असेल तर नाही. जबडा, दात आणि कवटीच्या सावल्या नेमक्या याच भागावर पडतात, म्हणून आता पहिली तपासणी म्हणून सीटी स्कॅनच करतात. सीटीत हाड दिसतं. अस्थिबंध पाहायला एमआरआय लागतो. फ्रॅक्चरची रेघ मणक्याच्या बाजूच्या छिद्रातून जात असेल तर सीटी अँजिओग्राफी करतात, कारण त्या छिद्रातून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी वर चढते.

ऑपरेशन नको, हे कशावरून ठरतं?

या पानावरचा हाच खरा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

लोक विचारतात, "किती मोडलंय?" त्यापेक्षा "काय मोडलंय?" हे विचारा. हाडाला हाड नीट टेकवून स्थिर ठेवलं तर ते जुळतं. मधोमध फाटलेला अस्थिबंध मात्र कितीही आठवडे स्थिर ठेवला तरी पहिल्यासारखा ताकदीने जुळेल याचा भरवसा नसतो. वरच्या मानेच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी हा फरक आहे.

आडव्या अस्थिबंधाचंच घ्या. डिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली त्याच्या दुखापतींचे दोन प्रकार केले. पहिल्यात अस्थिबंध स्वतः तुटतो; तो आपोआप बरा होण्याची आशा जवळजवळ नसते, तिथे मणके जोडण्याची शस्त्रक्रियाच योग्य. दुसऱ्यात अस्थिबंध धड असतो, पण तो जिथे रुजलेला असतो तो हाडाचा तुकडाच उखडून येतो. हा तुकडा पक्क्या आधारात ठेवला तर त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांमध्ये जुळला. बाहेरून दोघांची तक्रार एकच, मान दुखते. उपचार दोन टोकांचे. म्हणून "शेजारच्यांना कॉलरवर बरं वाटलं, मला का ऑपरेशन?" याचं उत्तर एमआरआयच्या फिल्मवर असतं.

मोजमापंही पाहतात. प्रौढांत सुळका आणि कड्याची पुढची कमान यांच्यातलं अंतर ३ मिलिमीटरच्या वर गेलं की आडव्या अस्थिबंधाबद्दल शंका येते. फुटलेल्या कड्याच्या दोन्ही बाजू खालच्या मणक्याच्या बाहेर मिळून ६.९ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकल्या असतील तर अस्थिबंध गेला असावा, असा १९७० पासूनचा एक आडाखा आहे. एमआरआय आल्यापासून या आकड्यावर एकट्यावर कुणी निर्णय घेत नाही, पण रिपोर्टात तो दिसला तर दचकू नका.

याशिवाय मज्जारज्जूवर दाब आहे का, तुकडे किती सरकलेत, वय किती, हाडं ठिसूळ आहेत का, आणि रुग्ण कॉलर नेमाने घालील का, हेही बघतात. शेवटचा मुद्दा कागदावर कुणी लिहीत नाही. डोक्यात मात्र प्रत्येकाच्या असतो.

मग कुठल्या दुखापतीला कॉलर पुरते आणि कुठल्या नाही?

वरून खाली येऊ.

कवटीच्या तळाचे उंचवटे मोडले आणि सांधा जागेवर असेल तर बहुतेकदा कडक कॉलर पुरते. कवटी आणि पहिला मणका यांची फारकतच झाली असेल तर ती शस्त्रक्रियेची गोष्ट. कॉलर किंवा हॅलो (कवटीला खिळ्यांनी बसवलेलं आणि अंगातल्या जॅकेटला जोडलेलं कडं, त्याबद्दल पुढे) फक्त तिथवर पोचेपर्यंतचा आधार.

पहिल्या कड्याचं फ्रॅक्चर, ज्याचं वर्णन जेफ्री जेफरसन या ब्रिटिश न्यूरोसर्जनने १९२० साली केलं आणि ज्याला त्याचंच नाव चिकटलं, ते आडवा अस्थिबंध शाबूत असेल तर कॉलर किंवा हॅलोवर चांगलं बरं होतं.

दुसऱ्या मणक्याच्या सुळक्याच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार अँडरसन आणि डी'ॲलॉन्झो यांनी १९७४ मध्ये केले, आणि आजही सगळे तेच बोलतात. पहिला, टोकाचा तुकडा: विरळा, आणि एकटाच असेल तर कॉलर (पण तो वरच्या फारकतीची खूण तर नाही ना, हे आधी पाहायला हवं). तिसरा, मणक्याच्या अंगात उतरलेला: तिथे मऊ, रक्ताने भरलेलं, रुंद हाड असल्याने तो सहसा जुळतो. घोडं अडतं ते दुसऱ्यात. सुळका बुडाशी मोडतो, तिथे हाड अरुंद आणि कठीण, टेकायला जागा थोडी. तुकडा ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त सरकलेला असेल, भुगा झालेला असेल किंवा वय पन्नाशीच्या पुढे असेल तर न जुळण्याची शक्यता बरीच वाढते. तरुण माणूस, न सरकलेला तुकडा, तर हॅलो किंवा कडक कॉलरचा मार्ग खुला असतो.

दुसऱ्या मणक्याच्या मागच्या कमानीचं फ्रॅक्चर. याचं प्रचलित नाव फाशीवरून पडलेलं आहे, आणि रिपोर्टात "हँगमन्स" वाचून रुग्णाचा चेहरा उतरतो. प्रत्यक्षात यातली बहुतेक वाहनांच्या अपघातातून येतात, पोकळी रुंदावत असल्याने मज्जारज्जू बहुधा सुखरूप राहतो, आणि ३ मिलिमीटरच्या आत सरकलेलं, वाक न आलेलं फ्रॅक्चर कॉलरमध्ये छान जुळतं. जास्त सरकलेलं असेल तर आधी जागेवर आणून मग हॅलो. बाजूचे सांधेही निखळले असतील तर शस्त्रक्रिया.

पडल्यापासून मान एका बाजूला वळून अडकलीय. हिसका देऊन सरळ होईल?

नाही! पहिलं कडं दुसऱ्यावर फिरून तिथेच अडकलं असू शकतं. डोकं एका बाजूला झुकलेलं, हनुवटी दुसऱ्या बाजूला वळलेली, असा चमत्कारिक पवित्रा होतो. मुलांत हे जास्त दिसतं. प्रौढांत क्वचित, पण झालं तर बहुधा मोठ्या माराने. दवाखान्यात सीटी पाहून, स्नायू सैल करणारी औषधं देऊन, वजनाच्या हलक्या ओढीने ते हळूहळू जागेवर आणतात आणि मग कॉलर किंवा हॅलोत ठेवतात. जितके दिवस जातील तितकं जागेवर येणं अवघड होतं आणि परत निसटण्याची शक्यताही वाढते.

वजन लावून ट्रॅक्शन सगळ्यांनाच देतात का?

नाही, आणि काहींना ते घातक आहे. कवटी-मणक्याची फारकत असेल तर ओढल्याने ती आणखी वाढते. दुसऱ्या मणक्याच्या कमानीच्या एका उपप्रकारात, जिथे सरकणं थोडं पण वाक जास्त असतो, तिथेही ओढीने फ्रॅक्चर उघडतं. म्हणून स्कॅन न पाहता घरी दारावर टांगायचं ट्रॅक्शनचं किट लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

औषधाच्या दुकानात मिळते ती मऊ फोमची कॉलर चालेल?

या दुखापतींना नाही. ती मानेला ऊब देते आणि "जपून हल" एवढी आठवण करून देते. हालचाल थांबवत नाही. इथे लागते ती पुढचा-मागचा असे दोन कडक भाग असलेली, हनुवटी आणि डोक्याची मागची बाजू दोन्ही पेलणारी कॉलर; फिलाडेल्फिया हा त्यातला जुना परिचित प्रकार. आणखी पक्का आधार हवा असेल तर छातीपर्यंत उतरणारा सोमी ब्रेस, आणि सर्वात पक्का म्हणजे हॅलो.

माप मात्र घेऊनच घ्या. सैल कॉलरमध्ये हनुवटी आत बुडते, उंच कॉलरमध्ये मान मागे ताणली जाते. आणि एक अपवाद लक्षात ठेवा: संधिवाताने ज्यांची मान आधीपासून पुढे वाकून ताठ झालेली आहे (अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस), त्यांना कॉलरच्या मापात बसवायला मान सरळ करू नये. त्यांच्या जुन्या वाकासकटच आधार द्यायचा असतो. ही चूक महागात पडते.

कॉलर चोवीस तास? अंघोळ, झोप, दाढी?

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर चोवीस तास, झोपेतही.

स्वच्छता करायची ती आडवं होऊन, आणि मदतीला एक माणूस घेऊन. उशी काढा, पाठीवर सपाट झोपा. मदतनीस दोन्ही हातांनी डोकं दोन्ही बाजूंनी धरतो, अंगठे कानांपुढे, आणि धरूनच राहतो. मग पुढचा भाग काढायचा, ओल्या फडक्याने त्वचा पुसायची, पूर्ण कोरडी करायची, दाढी तेव्हाच उरकायची, धुतलेले कोरडे पॅड बसवून भाग परत लावायचा. मागच्या भागासाठी सगळं अंग एका ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचं. डोकं, खांदे, कंबर एकाच वेळी. पॅडचे दोन जोड ठेवा, म्हणजे एक वाळत असताना दुसरा अंगावर. पावडर, तेल, क्रीम काही नको; घामाबरोबर त्याचा चिखल होतो आणि त्वचा सोलते.

रोज चार जागा बघायच्या: हनुवटीखाली, डोक्याच्या मागचा उंचवटा, गळपट्टीच्या हाडांवर आणि कानांमागे. बोटाने दाबून पाहा. दाबल्यावरही लाली जात नसेल तर ती पुढच्या जखमेची आगाऊ सूचना. जो रुग्ण "कॉलर टोचते" म्हणून कुरकुरतो त्याच्यावर आमच्याकडे कुणी वैतागत नाही. जो काहीच बोलत नाही त्याचीच हनुवटी उचलून बघावी लागते.

उठताना आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली आणि हाताने रेटा देत बसतं व्हायचं. पाठीवरून सरळ उठून बसू नये. कॉलरमध्ये खाली पाहता येत नाही, पायरी दिसत नाही. घरातली सैल गालिचे, वायरी, कुत्र्याची भांडी आधी उचलून ठेवा. दुसऱ्यांदा पडणं परवडणारं नाही.

हॅलो म्हणजे काय? डोक्याला खरंच स्क्रू लावतात?

हो, लावतात. हॅलो म्हणजे प्रभावळ: डोक्याभोवती एक कडं, चार खिळ्यांनी कवटीच्या बाहेरच्या थरात रोवलेलं, आणि चार दांड्यांनी अंगातल्या कडक जॅकेटला जोडलेलं. १९५९ साली अमेरिकेत जॅकलिन पेरी आणि व्हर्नन निकेल यांनी ते पोलिओने मान लुळी पडलेल्या रुग्णांसाठी पुढे आणलं; फ्रॅक्चरला ते नंतर वापरात आलं. वरच्या मानेची हालचाल थोपवण्यात बाहेरून लावायच्या कुठल्याही साधनापेक्षा हे सरस.

खिळे बसवताना त्वचा बधिर करतात, रुग्ण जागा असतो. दुखण्यापेक्षा दाब जाणवतो, आणि कवटीतून घुमणारा एक करकर आवाज, जो ऐकून धडधाकट माणसंही डोळे मिटून घेतात. पुढचे दोन खिळे भुवईच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यावर साधारण एक सेंटिमीटर वर बसवतात, म्हणजे कपाळाची नस आणि कानशिलाचा स्नायू दोन्ही वाचतात. लावताना डोळे मिटून घ्यायला सांगतात, नाहीतर नंतर पापण्या नीट मिटत नाहीत. प्रौढांत खिळे सहसा ८ इंच-पाउंड इतके आवळतात आणि २४ ते ४८ तासांनी एकदा पुन्हा तपासतात. त्यानंतर घरी कुणी पाना हातात घेऊ नये.

सर्वात जास्त होणारे त्रास म्हणजे खिळे सैल होणं आणि त्यांच्या मुळाशी जंतुसंसर्ग. खिळ्याभोवती रोज सांगितल्याप्रमाणे स्वच्छता करा. पू, वाढती लाली, "टक" असा आवाज किंवा बोलताना, चावताना खिळ्याशी दुखणं, यातलं काही झालं की त्याच दिवशी कळवा. जॅकेट उघडायचा पाना त्याच्या छातीवरच चिकटवून ठेवलेला असतो. तो शोभेचा नाही. हृदय बंद पडून छाती दाबायची वेळ आली तर जॅकेट पुढून उघडावं लागतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

कडं पकडून कुणी रुग्णाला उठवू नये. सांगितलेलं असूनही लोक हँडलसारखं तेच धरतात.

ऐंशी वर्षांच्या आईला हॅलो नको म्हणाले. वय झालं म्हणून हात झटकले का?

नाही, बहुधा उलट. उतारवयात हॅलोचा काच फार होतो. जॅकेटमुळे श्वास पुरता भरत नाही, मान स्थिर झाल्याने गिळताना ठसका लागतो, अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, तोल वर सरकल्याने पडायला होतं. या वयात फ्रॅक्चरपेक्षा उपचाराचेच दुष्परिणाम जिवावर बेतू शकतात. म्हणून सुळक्याच्या फ्रॅक्चरला कडक कॉलर घालून लवकर उठवून बसवणं, चालतं ठेवणं हा मार्ग अनेक डॉक्टर निवडतात.

पुढे फोटोत हाड जुळलेलं दिसेलच असं नाही. पण मधे घट्ट तंतूंचा जोड तयार झाला, हलवून काढलेल्या एक्स-रेत मणके सरकत नाहीत आणि तिला दुखत नाही, तर या वयात तो निकाल स्वीकारतात. तरुणात हाच निकाल अपुरा मानला जातो. प्रकृती धड असलेल्या वयस्कांमध्ये शस्त्रक्रिया करावी की नाही यावर तज्ज्ञांत प्रामाणिक मतभेद आहेत. दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले तर त्यातला एक चोर आहे असं समजू नका. तिचं रोजचं फिरणं, गिळणं, श्वास आणि स्मरणशक्ती कशी आहे हे दोघांनाही नीट सांगा. निर्णय त्यावर फिरतो.

कॉलरमध्ये तिला भरवताना ताठ बसवा, लहान घास द्या, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

किती आठवडे लागतील?

बहुतेक फ्रॅक्चरांना ८ ते १२ आठवडे. मधे ठरावीक अंतराने एक्स-रे, शेवटी बहुधा सीटी. मग कॉलर काढून, मान पुढे आणि मागे वाकवून एक्स-रे काढतात. त्यात मणके जागचे हलले नाहीत तर सुटका. दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नसतं. दुखणं बरंच आधी थांबतं, आणि नेमकं तेव्हाच लोक कॉलर काढतात.

सिगारेटचा यात काय संबंध?

थेट. निकोटीनने हाड जुळणं लांबतं. सोडायचीच असेल तर याहून चांगला मुहूर्त नाही. वेदनाशामकं घरच्या डब्यातली न घेता विचारून घ्या, आणि हाडं ठिसूळ असतील तर त्याचे उपचार याच काळात सुरू करून घ्या.

डॉक्टरांनी ॲस्पिरिन का दिलं? हृदयाचा त्रास तर नाही मला.

बहुधा व्हर्टिब्रल धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली असेल. तिथे गुठळी धरून ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. ते टाळायला रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. ते मनाने बंद करू नका. अचानक चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं, चेहरा किंवा एक बाजू बधिर होणं यातलं काहीही झालं तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.

मालिश, मान मोडून घेणं, कायरोप्रॅक्टिक?

हाड जुळल्याचं डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत मानेला कुणाचाही हात नको. त्यानंतरही झटका देऊन "कट्ट" करणारा नकोच.

गाडी कधी चालवता येईल?

कॉलर किंवा हॅलो असेपर्यंत नाही. निघाल्यावरही, मान दोन्हीकडे वळवून मागचं वाहन दिसेपर्यंत थांबा.

कॉलरवर ठेवलं आणि तरी जमलं नाही तर?

तुकडा सरकत गेला, तीन-चार महिन्यांनी जोड धरला नाही, मणके हलत राहिले किंवा हातापायांत नवी कमजोरी आली, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. आधी कॉलर घातली म्हणून ती वाट सहसा बंद होत नाही. मात्र नव्याने मुंग्या येणं, हातातून वस्तू पडणं, चाल लडबडणं, लघवीवरचा ताबा जाणं किंवा श्वास अपुरा पडणं यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. कॉलर न काढता, आडवं नेऊन दाखवा.

कॉलर निघाली आणि डोकं भयंकर जड वाटतंय. काही बिघडलं का?

बहुधा नाही. प्रौढ माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, आणि ते तीन महिने कॉलरने पेललेलं होतं. मानेचे स्नायू या काळात वाळलेले असतात. पहिले काही दिवस दिवसातून थोडा थोडा वेळ कॉलर काढा, दमलात की आडवे व्हा. फिजिओथेरपिस्ट आधी न हलवता ताकद लावायचे व्यायाम शिकवतील: तळहात कपाळाला लावायचा, कपाळाने हाताला आणि हाताने कपाळाला हलकं दाबायचं, मान जागेवरच. पाच मोजायचे, सोडायचं. मग कानाच्या वर, मग डोक्यामागे. वळणं त्यानंतर, दुखणार नाही इतपतच. वळणं थोडं कमी राहील, कारण "नाही" म्हणताना चालणारा सांधा तीन महिने गप्प होता. काहींचं बरंचसं परत येतं. काहींना मागे पाहताना कायम खांदाही थोडा वळवावा लागतो.